मधली सुट्टी बाईंना कधी?

(जालना येथे ३ जानेवारीला प्राथमिक शिक्षिकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘शिक्षिका आणि ताणतणाव व्यवस्थापन’ असा विषय छापला आहे. निमंत्रणाचा फोन आला तेव्हा संयोजकांनी प्रेमानं सांगितलं, ‘ताई, फार जड नको. थोडा श्वासाचा व्यायाम घ्या, थोडं हसवा. बायका दमलेल्या असतात.’ श्वासाचा व्यायाम मी घेणार आहे, शेवटी, पाच मिनिटं. त्याआधी एक साधा प्रश्न विचारते. आज सकाळी घरून निघाल्यापासून आतापर्यंत तांब्याभर तरी पाणी प्यायलेल्या किती जणी आहात? हात वर करा.

अकरा हात. सभागृहात आपण दीडशेच्या आसपास आहोत.

तुम्ही हसलात, कारण उत्तर सगळ्यांनाच माहीत आहे. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायला जागा नसते. म्हणून प्यायचंच नाही. मी ज्या शाळांमधून फिरते तिथे दहा ते पाच पाण्याचा घोटही न घेणाऱ्या शिक्षिका मला नेहमी भेटतात. एप्रिलमधल्या जालन्याच्या उन्हातसुद्धा. अंबड तालुक्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, ‘ताई, सवय झाली. आता तहानच लागत नाही.’ त्यांना वर्षभरात तिसऱ्यांदा लघवीचा संसर्ग झाला होता. थंडी वाजून ताप यायचा, कंबर धरायची, पाच दिवस गोळ्या घ्यायच्या आणि पुन्हा शाळा. त्या माझ्याकडे आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. घरच्यांनी ‘टेन्शन फार घेते’ असं निदान आधीच केलेलं होतं. मी एम.एस.डब्ल्यू. करताना समुपदेशन शिकले, तेव्हा मीही टेन्शनपासूनच सुरुवात करायला हवी होती. पण बोलता बोलता कळलं की रात्री चार-चार वेळा उठून जावं लागतं, जळजळ होते, मग झोप कुठून लागणार? बाईंच्या ताणाचं मूळ शाळेच्या संडासाच्या कुलपात होतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. खण उघडा म्हणून एका पुरुषाला, चार पालक बसलेले असताना, दिवसातून दोनदा सांगायचं. त्यापेक्षा तहान मारलेली बरी.

बाईचा मूत्रमार्ग आखूड असतो. लघवी तुंबवून ठेवणं आणि पाणी न पिणं या दोन्हींनी जंतुसंसर्गाला वाट मिळते. आपल्याकडच्या उन्हात मुतखड्याचीही भीती. पाळीच्या दिवसांत पॅड बदलायला आडोसा नाही, म्हणून दहा ते पाच एकच पॅड. आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या मैत्रिणी इथे बसल्यात, त्यांना मी काय सांगू? पाळी जायच्या आधी कधी कधी कसं रक्त जातं, ते त्याच जाणतात. पांढऱ्या खडूनं फळ्यावर लिहिताना मागून साडी बघायला मैत्रीण लागते, आणि दोनशिक्षकी शाळेत दुसरे असतात सर.

शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा आपण सगळ्यांनी प्रशिक्षणात वाचला आहे. त्याच्या जोडपरिशिष्टात शाळेची इमारत कशी हवी ते लिहिलंय. मुलांसाठी आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. सगळं योग्य. शिक्षिकेच्या स्वच्छतागृहाचा उल्लेख त्यात नाही. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, आणि वर एक खोली जी कार्यालयही आहे, भांडारही आहे आणि मुख्याध्यापकांची खोलीही आहे. म्हणजे तांदळाची पोती, हजेरीपटाची कपाटं आणि साहेब एका खोलीत. बाईंनी मधल्या सुट्टीत टेकायचं कुठे, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या मनातच आलं नाही. कायदा मुलांसाठी आहे, हे मला मान्य आहे. पण मुलांना सांभाळणारी बाई सात तास तिथेच असते ना?

आणि मधली सुट्टी तरी कुठे असते? शालेय पोषण आहारात मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची असा नियम आहे, आणि तो हवाच. पण मी पाहिलंय, बाई चव घेतात आणि जेवत नाहीत. मुलांच्या रांगा, हात धुणं, कुणी सांडलं, कुणी मारलं, किती ताटं झाली त्याची नोंद. डबा उघडतात तेव्हा घंटा झालेली असते. तो डबा पहाटे पाचला उठून केलेला असतो, हेही विसरायला नको.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. १९८० साली ती नोकरीला लागली तेव्हा जालना जिल्हा झालेलाही नव्हता. १ मे १९८१ ला तो तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. आई संध्याकाळी घरी यायची आणि पायरीवर बसून पायांकडे बघायची. पिंढऱ्यांवर हिरव्या-निळ्या शिरांच्या गाठी होत्या. मी शाळेत असताना घमेल्यात कोमट पाणी आणि मूठभर मीठ घालून तिच्यासमोर ठेवायचे. आजी ओसरीवरून म्हणायची, ‘दिवसभर खुर्चीवर बसून पोरं राखायची, त्यात काय दमायचं?’ खरी गंमत अशी की तिच्या वर्गात खुर्ची नव्हतीच. एकच खुर्ची होती, ती हेडमास्तरांची. पुढे खुर्ची आली, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला की शिक्षिका बसून शिकवत होत्या.

हे तेव्हाचं झालं. आता गावातलं कुणीतरी खिडकीतून मोबाइलवर फोटो काढतं. ‘पगार लाखात आणि बाई खुर्चीत’ असं लिहून तो गावाच्या गटावर फिरतो. बाई बसलेली दिसली की ती कामचुकार, हा न्याय फक्त शाळेत नाही, घरातही तोच आहे. म्हणून माझं पहिलं सांगणं आहे, बसा. वाचन घेताना, वह्या तपासताना, गोष्ट सांगताना बसा. घरी गेल्यावर दहा मिनिटं पाय उशीवर, हृदयापेक्षा उंच ठेवून पडा. पिंढऱ्या दुखत असतील, संध्याकाळी पाय सुजत असतील, तर मीठ-पाण्यानं आराम पडेल, पण दुखणं जाणार नाही; डॉक्टरांना दाखवा. माझ्या आईनं दाखवलं ते निवृत्तीनंतर.

गळ्याचंही सांगते. पहिली ते चौथी एका खोलीत, बाहेर पत्र्यावर पाऊस, आणि बाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. आवाज बसला की आपण कुजबुजत बोलतो, आराम मिळेल म्हणून. त्यानं बहुतेकींचा गळा उलट ताणतो. सारखं खाकरल्यानंही तेच होतं. मुलं गप्प करायला ओरडण्याऐवजी डफली ठेवा, टाळीची खूण ठरवा. मुलं दोन दिवसांत शिकतात. खडूचा फळा कोरडा पुसू नका, ओल्या फडक्यानं पुसा. तीन आठवडे आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि पाणी घोट घोट दिवसभर प्यायचं. म्हणजे पुन्हा गाडी संडासाच्या कुलपाशी आली.

त्या कुलपाचं पुढे काय झालं ते सांगते. अंबडच्या त्या बाईंनी मुख्याध्यापकांशी भांडण केलं नाही. आम्ही दोघींनी आधी ठरवलं की हा विषय शाळा व्यवस्थापन समितीत न्यायचा. या समितीत तीनचतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या सदस्य बाया असाव्या लागतात, हे कायद्यातच आहे. सह्या घरी जाऊन घेतल्या जातात हा भाग वेगळा. त्या बाया बैठकीला प्रत्यक्ष याव्यात म्हणून बाई स्वतः तिघींच्या घरी गेल्या. काय बोलल्या? ‘तुमच्या लेकी सहावी-सातवीत आहेत, त्यांना पाळी आली की त्या शाळा बुडवतात, आणि मलाही जायला जागा नाही.’ बैठकीत एका शेतमजूर बाईनं विषय काढला. पुरुष खाली बघायला लागले. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला जे संयुक्त अनुदान मिळतं, त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. त्यातून कडी, बादली, झाकणाचा डबा आणि पाण्याची टाकी बसली. मुलींच्या स्वच्छतागृहाची एक किल्ली बाईंच्या पर्सला लागली, एक सातवीच्या मुलींकडे. सगळं मिळून चार महिने लागले. बाईंचा संसर्ग पुन्हा झाला नाही असं मी म्हणणार नाही, एकदा झाला. पण त्या आता पाणी पितात. आणि झोपतात.

मुंबईत २०११ साली बायांनी सार्वजनिक मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ ही चळवळ सुरू केली, तेव्हा लोक नाव ऐकून हसले होते. आपल्याकडे नाव काय द्यायचं ते तुम्ही ठरवा.

आता कामांच्या यादीकडे येते. तुम्हाला ती माझ्यापेक्षा पाठ आहे, म्हणून लांबवत नाही. कायद्याच्या २७ व्या कलमानं जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. २००७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की मतदारयाद्यांचं काम शिक्षकांना शिकवण्याच्या दिवशी, शिकवण्याच्या वेळात देऊ नये, सुट्टीच्या दिवशी द्यावं. निकाल मुलांच्या बाजूनं होता, चांगला होता. पण नीट बघा, मुलांचा तास वाचला आणि रविवार गेला तो बाईंचा. सरांचाही गेला, मान्य आहे. पण सरांच्या रविवारी घरातलं धुणं, निवडणं-टिपणं आणि आठवड्याची भाजी नसते.

२०१९ साली केंद्र सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, म्हणजे पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. हे सगळ्या बायांचं आहे, केवळ नोकरदारांचं नाही. पण शाळेचे सात तास आणि येण्याजाण्याचे दोन-तीन तास बाजूला काढा आणि उरलेल्यात ही मिनिटं बसवून बघा. मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धं तिकीट झालं, त्याचा मला आनंदच आहे. पण बसायला जागा मिळेनाशी झाली आणि राजूरला चतुर्थी असली की त्या रस्त्यावर उभं राहायलाही नाही, हेही खरं.

आणि लोक म्हणतात, ‘तुम्हाला काय, सुट्ट्याच सुट्ट्या!’ उन्हाळी सुट्टीत तुम्ही काय करता? कुरडया, पापड, शेवया, वर्षाचं तिखट, नणंदेची मुलं, लग्नसराई. एक शिक्षिका मला म्हणाल्या, ‘मी जूनची वाट बघते. शाळेत निदान कुणी मला आयता चहा तरी विचारतं.’

एक गोष्ट मी खालच्या आवाजात सांगणार होते, पण मोठ्यानंच सांगते. मला भेटणाऱ्या शिक्षिकांपैकी कितीतरींचं ए.टी.एम. कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं. एका बाईंचा पगार घरात सगळ्यांत जास्त, आणि काळी-पिवळीच्या भाड्याचे पैसे त्या रोज सकाळी मागून घेत. रोज. ‘किती?’ ‘परत किती आले?’ त्यांना डोकेदुखी होती, बारा वर्षांची. गोळ्या, काढे, नजर उतरवणं, सगळं झालं. कुणी त्यांना अजून एक प्राणायाम शिकवला असता तर त्यांनी तोही निमूटपणे केला असता. आम्ही दोन वर्षं बोलत होतो. कार्ड त्यांनी एकदम मागितलं नाही. आधी पासबुक स्वतः भरून आणायला लागल्या, मग एक छोटं आवर्ती ठेवीचं खातं स्वतःच्या सहीनं उघडलं. घरात महिनाभर अबोला होता. डोकेदुखी अजून आहे, पण रोजची नाही. कार्ड अजून नवऱ्याकडेच आहे. हे सगळं एका भाषणात सुटण्यासारखं नाही, आणि कुणी सुटलं म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ताणाचा दोष बाईच्या स्वभावावर टाकला की सगळ्यांचं सोपं होतं. ‘तुम्ही मनाला फार लावून घेता.’ हे ऐकलं नाही अशी एक तरी आहे का इथे? आर्ली हॉचशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाईसुंदरींवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की हसतमुख राहणं हाही त्यांच्या कामाचाच भाग आहे, आणि त्यातही श्रम खर्च होतात. आपण तर घरी रडून आलो तरी परिपाठाला हसत उभ्या राहतो. पहिलीतलं पोर पदराला धरून लटकतं, त्याला ढकलता येत नाही, ढकलावंसंही वाटत नाही. पण ही माया काही फुकट येत नाही, ती कुठून तरी भरून यावी लागते.

ती कुठून भरून येते याचं मला सगळ्यांत आवडलेलं उदाहरण भोकरदनच्या रस्त्यावरचं आहे. एकाच काळी-पिवळीनं ये-जा करणाऱ्या सहा जणी. शनिवारी सकाळची शाळा, दुपारी घरी. त्या सहाही जणींच्या सासरी शनिवारची दुपार म्हणजे राहिलेली कामं असं ठरलेलं. त्यांनी ठरवलं की शनिवारी एक तास कुणा एकीच्या घरी थांबायचं, पाळीपाळीनं. नियम तीनच. ज्या घरी जमायचं तिनं काहीही करायचं नाही, प्रत्येकीनं आपला डबा आणायचा. शाळेच्या माहितीचे तक्ते काढायचे नाहीत. आणि झोप आली तर झोपायचं, कुणी उठवायचं नाही. पहिल्या शनिवारी, त्या सांगतात, तीन जणी खरंच झोपल्या. एका सासूबाईंनी विचारलं, ‘या मास्तरणी आपल्या घरी झोपायला येतात का?’ हो, झोपायलाच येतात! दोन महिन्यांनी त्याच सासूबाई सतरंजी अंथरून ठेवायला लागल्या आणि मग स्वतःही टेकायला लागल्या.

या सहा जणींनीच पुढे रात्रीच्या निरोपांचं काम हाती घेतलं. रात्री दहाला गटावर ‘तातडीने, आजच माहिती पाठवा’ असा निरोप यायचा आणि सगळ्यांची पोटं ढवळायची. एकटीनं उत्तर दिलं नाही तर ती बेजबाबदार. सहा जणींनी मिळून केंद्रप्रमुखांना भेटून सांगितलं, रात्री आठनंतरची माहिती सकाळी देऊ. लेखी दिलं. आकाश कोसळलं नाही. निरोप अजून येतात, पण आता त्या फोन उलटा ठेवतात.

आज सावित्रीबाईंची जयंती. सकाळपासून तीन वक्त्यांनी सांगितलं की त्यांच्या अंगावर शेण पडायचं आणि त्या दुसरं लुगडं बरोबर ठेवायच्या. मग आपल्याकडे वळून, ‘तुम्हाला तर काहीच त्रास नाही.’ ते लुगडं त्या कुठल्या आडोशाला बदलत असतील, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. आणि त्यांची दुसरी एक गोष्ट कधी सांगितली जात नाही. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या आजारी होत्या, आणि शाळा सोडून माहेरी नायगावला विश्रांतीला गेल्या होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. भावानं आपली शुश्रूषा केली, असं त्या लिहितात. पूर्ण बरं वाटल्यावरच पुण्याला येईन, असंही लिहितात. आणि आपल्या मागे फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यांनी त्यात व्यक्त केला आहे.

मला हे पत्र फार जवळचं वाटतं. बाई आजारी पडल्या, माहेरी गेल्या, भावानं सेवा केली, नवऱ्याला तसं मोकळेपणानं लिहिलं, आणि मागे काम बघायला मैत्रीण होती. रजा आपल्यालाही आहे. बाळंतपणाची आहे, २०१८ पासून मुलांच्या आजारपणासाठी, परीक्षेसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. पण दोनशिक्षकी शाळेत एकीनं रजा घेतली की दुसरीच्या अंगावर चार वर्ग येतात, म्हणून आपण रजा घेत नाही, किंवा घेतली तर दुसरी तोंड फिरवते. सावित्रीबाईंना ज्या फातिमाची खात्री होती, ती आपल्या केंद्रात कोण आहे? आणि आपण कुणाची फातिमा आहोत? बदली शिक्षक द्या ही मागणी वरती करायचीच. तोवर हे आपसात ठरवावं लागेल.

आता कबूल केलेली पाच मिनिटं. पाठ टेकून बसा. चपला काढा. एक हात पोटावर. चार अंक मोजत नाकानं श्वास आत, पोट हाताला लागलं पाहिजे. सहा अंक मोजत सावकाश बाहेर. दहा वेळा. याची मी थट्टा करत नाही, यानं छातीतली धडधड खरोखर उतरते. काळी-पिवळीतही करता येतं. मात्र दोन आठवड्यांच्या वर झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर श्वासावर थांबू नका. शासनाची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरच्यांची परवानगीही लागत नाही.

शेवटचं. मागच्या दाराशी एक वही ठेवली आहे. ज्यांना आपल्या रस्त्यावर शनिवारचा तास सुरू करायचा असेल त्यांनी नाव, गाव आणि कुठल्या गाडीनं येता ते लिहा. मी रस्त्याप्रमाणे नावं जुळवून पुढच्या आठवड्यात तुम्हाला कळवते. चहा आलाय. तो वाटायला कुणी उठायचं नाही, दोन सरांना आधीच सांगून ठेवलंय. आणि या सभागृहाच्या स्वच्छतागृहाची किल्ली सकाळपासून माझ्याकडे आहे, व्यवस्थापकांकडून मागून घेतली. कुलूप काढून ठेवते. आधी पाणी प्या.